कडेचं वजन

गाडी वेकोलिच्या लिलावातली. कॉन्टेसा, राखाडी,
दारावर अजून पुसटसं ‘क्षेत्रीय महाप्रबंधक’.
डिकीत निघाली एक मोडकी छत्री
आणि मूठभर कोळसा.

फ्लायव्हील हिंगण्याला नेलं मेच्या दुसऱ्या आठवड्यात,
ओढणीत गुंडाळून, ऑटोत, मांडीवर.
ऑटोवाला आरशातून म्हणाला, बाळ आजारी आहे काय?
म्हटलं, अकरा किलो चारशे.
तो पुढे एमआयडीसीपर्यंत बोलला नाही.

खुशाल हेडाऊंच्या लेथपाशी पंखाही गरम फुंकत होता.
त्यांनी चाक बोटावर टांगलं, पान्यानं हलकेच वाजवलं,
नाद संपेपर्यंत ऐकत राहिले.
तडा नाही.
"किती काढू?"

मी पाठ करून आले होते: पाच.
सव्वासहा-साडेसहा उरलं की इंजिन कसं उसळतं,
अंगठ्याला कळायच्या आत काटा चार हजारांवर,
दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना मध्ये श्वासही नाही.
हे सगळं मी रात्रपाळीत मनातल्या मनात
कितीदा चालवलं होतं.

"अन् चालवता कुठी?"

हे पाठ केलं नव्हतं.
मानेवाडा ते मेयो. रक्तपेढी.
चौदा सिग्नल, त्यातले तीन बंद.
पहाटे परत येताना गोळीबार चौकात एक गाय,
जिला हॉर्न ऐकू येत नाही, किंवा येतो.
महिन्यातून एखाद्या रविवारी रामटेक,
गडाचा चढ.

हेडाऊ हसले असते तर बरं झालं असतं.
"पाहा मॅडम, सिलिंडरात चार फेऱ्या.
एक कमावते, तिघी बसून खातात.
त्या तिघींले कोण पोसते? हे.
कमावतीच्या हातचं थोडं थोडं धरून ठेवते.
पाच काढले तं घर नाही चालणार.
चौकात गाडी बंद पडन,
अन् मागचा तुमच्या बापाले आठवन."

मग स्वतःच्या बापाचं सांगितलं. तांडापेठ, यंत्रमाग.
मागाचं चाक कोणीतरी हौसेनं तासून आणलं होतं.
पंधरा दिवस नुसता धागा तुटत होता.
एवढंच. गोष्ट तिथेच ठेवून ते चहा घ्यायला गेले.

मी खडूनं फरशीवर गणित मांडलं.
कडेचा एक किलो
अर्ध्यावरच्या चारांएवढा अडून बसतो.
म्हणजे किती काढायचं हा अर्धाच प्रश्न,
कुठून काढायचं, हा उरलेला.
आतून खरवडलं तर नुसतं समाधान,
आणि बीड फार पातळ केलं
तर ते एक दिवस पायाखालून उत्तर देतं.

अडीच, मी म्हटलं. सगळं कडेवरून.
"पक्कं?"
पक्कं नव्हतं. हो म्हटलं.

बिडाचा छिलका निघत नाही. भुसा पडतो,
काळा, ऊन, काजळीसारखा,
हेडाऊंच्या भुवयांवर, माझ्या घामावर.
तोल पाहायला त्यांनी चाक धारेवर फिरवलं
तेव्हा मी जवळ सरकले.
सेंट्रिफ्यूजमध्ये रक्ताच्या पिशव्या
मी रोज समोरासमोर तोलून ठेवते;
चार ग्रॅमचं भांडण तीन हजार फेऱ्यांवर कुठे जातं
ते मला कोणी शिकवायला नको.
एका बाजूला त्यांनी बारीकसं भोक पाडलं.
चाक पुन्हा सोडलं. कुठेही थांबलं,
म्हणजे बरोबर.

आठ किलो नऊशे, भाजीच्या काट्यावर.
भुसा पिशवीत बांधून दिला. "तुमचाच हाय."

आता काटा जरा लवकर चढतो,
जरा लवकर उतरतो.
शेजारी बसणाऱ्याला कळणार नाही,
आणि शेजारी कोणी बसतही नाही.
गोळीबार चौकात गाय उभी असते.
क्लच अर्ध्यावर. आठशेवर काटा थरथरतो,
पडेल वाटतं, पडत नाही.

भुसा लिंबाच्या कुंडीत घातला.
डिकीतला कोळसा मात्र काढला नाही अजून.
असेल तीनशे ग्रॅम. तोललेला नाही.